पुरावा कोणी द्यावयाचा?

दिवाळी सरली की रायगड जिल्ह्याच्या दक्षिणेकडील आदिवासीवाड्या हळूहळू ओस पडू लागतात. भातकापणीची मजुरी संपलेली असते, झोडणीही आटोपत आलेली असते, आणि मग एखाद्या पहाटे वाडीच्या तोंडाशी टेम्पो येऊन उभा राहतो. भांडीकुंडी, चार गोधड्या, दोन कोंबड्या आणि झोपेतून उठवलेली मुले यांच्यासह कुटुंबेच्या कुटुंबे त्यात चढतात. कोणी पेण, पनवेल, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, कोणी कोळसा पाडण्यासाठी घाटावर, तर कोणी थेट कर्नाटकात. राजपुरीच्या खाडीच्या टोकाशी डोंगरांच्या कुशीत वसलेल्या म्हसळ्याला माणसांनी परमुलखात जाण्याचे अप्रूप नाही. येथील कुणबी मुंबईला गेला, मुसलमान आखाती देशांत गेला, आणि त्यांनी धाडलेल्या पैशांवर तालुक्याची घरे उभी राहिली. परंतु जाण्याजाण्यात फरक असतो. मुंबईला गेलेला माणूस पैसे पाठवण्यासाठी जातो. कातकरी मात्र आधीच घेतलेले पैसे फेडण्यासाठी जातो.

हे पैसे कधी घेतले जातात, हे पाहिले म्हणजे या प्रश्नाचे अर्ध्याहून अधिक अर्थशास्त्र उलगडते. ते घेतले जातात आषाढ-श्रावणात. लावणीची चार दिवसांची मजुरी संपली की भातकापणीपर्यंत हाताला काम नसते. जंगलात जाता येत नाही, ओढ्याला पूर असल्यामुळे मासळी-खेकड्यांचाही भरवसा नसतो, घरात दाणा नसतो. आणि याच दिवसांत कोणाचे तरी पोर तापाने फणफणलेले असते. अशा वेळी वाडीवर मुकादम येतो. तो तारण मागत नाही, जामीन मागत नाही, अर्ज भरून घेत नाही. तो नोटा मोजून देतो आणि दिवाळीनंतर भट्टीवर येण्याचे वचन घेतो. हीच ती उचल. जिल्ह्यातील कोणतीही बँक, कोणतीही सहकारी सोसायटी या दिवसांत या माणसाच्या दारी येत नाही. जो येतो त्याच्या हाती त्याची पुढची आठ महिन्यांची मेहनत आपसूक जाते.

महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींना शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी समूह म्हणून मान्यता दिली आहे, त्यांत कोलाम व माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात त्यांची संख्या पावणेतीन लाखांच्या वर होती व त्यांतील मोठा भाग रायगड आणि तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्यात होता. खैराच्या झाडापासून काथ काढणारे म्हणून ते काथोडी वा कातकरी. १८७८ च्या वन कायद्यानंतर कुलाबा व ठाणे जिल्ह्यांतील जंगले राखीव होत गेली, खैरावर सरकारची मालकी आली, आणि ज्या व्यवसायाने जमातीला नाव दिले तो व्यवसायच तिच्या हातून गेला. पुढे मुंबईला कोळसा लागला तेव्हा ते कोळसा पाडू लागले. मुंबईला विटा लागल्या तेव्हा विटा थापू लागले. अ. न. वेलिंग यांनी १९३४ साली या जमातीवर इंग्रजीत स्वतंत्र पुस्तक लिहिले. तेव्हापासून आजवर कातकऱ्यांची पाहणी करणाऱ्यांची वाण पडलेली नाही. वाण आहे ती त्यांच्या पायाखालच्या जमिनीच्या कागदाची.

स्वातंत्र्याच्या लढ्यात त्यांचा वाटा नव्हता असेही नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात पोलिसांच्या गोळीबाराला जे बळी पडले त्यांत नाग्या महादू कातकरी होता. रायगड जिल्ह्यातील शाळकरी मुलाला हे नाव ठाऊक असते. ज्या जंगलासाठी नाग्या मेला त्या जंगलातील आपला दळीचा तुकडा सिद्ध करण्यासाठी त्याच्या जातभाईंना आज किती कार्यालयांच्या पायऱ्या चढाव्या लागतात, हे मात्र त्या मुलाला कोणी शिकवत नाही.

उचल आणि पतपेढी

उचल घेणे हे स्वतः पाप नव्हे. शाळेतील शिक्षक पतपेढीचे कर्ज काढतो. कारकून सणासाठी अग्रीम घेतो. बहिणीचे लग्न, घराची दुरुस्ती, मुलाची फी या निमित्तांनी पगारदार वर्गही उद्याची कमाई आज खर्च करीतच असतो. मग शिक्षकाचे कर्ज आणि कातकऱ्याची उचल यांत फरक कोणता? फरक व्याजाच्या दरात नाही. उचलीवर पुष्कळदा वरकरणी व्याज नसतेच. फरक असा की, शिक्षकाच्या हाती पासबुक असते. किती घेतले, किती फिटले, किती उरले हे त्याला दर महिन्याला कळते. कर्ज असताना त्याला बदली मागता येते, नोकरी सोडता येते, पतपेढीच्या सभेत उभे राहून अध्यक्षांना जाबही विचारता येतो. कातकऱ्याच्या व्यवहाराची वही एकच, आणि ती मालकाच्या गल्ल्यात. दर आठवड्याला बाजारासाठी मिळणारी खर्ची त्या वहीत लिहिली जाते, औषधाचे पैसे लिहिले जातात, पावसाने भिजून गेलेल्या कच्च्या विटाही त्याच्याच नावावर पडतात. हंगामाच्या शेवटी हिशेब होतो तेव्हा नवराबायकोने मिळून हजारी किती विटा थापल्या याची मोजणी मालकाची, भाव मालकाचा आणि बेरीजही मालकाची. समजा, वीस हजारांची उचल घेऊन गेलेले जोडपे सात महिन्यांनी परतताना अंगावर पाच हजारांची बाकी घेऊन परतले, तर त्या पाच हजारांनी पुढच्या वर्षाचा मालकही ठरून जातो. ज्या मजुराला मालक बदलता येत नाही त्याच्या मजुरीचा भाव बाजारात ठरत नाही. श्रमाच्या बाजारपेठेविषयी पाठ्यपुस्तकांत जे काही लिहिलेले असते ते सारे येथे येऊन थांबते.

वेठबिगार म्हटले की साखळदंड आणि चाबूक डोळ्यांपुढे येतात. ते नसले की अधिकारी समाधानाने अहवाल देतो की, तालुक्यात वेठबिगारी नाही. येथे मजूर आपल्या पायांनी चालत टेम्पोत चढलेला असतो, हे खरेच आहे. परंतु १९८२ साली एशियाड खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर जे सांगितले ते अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही मर्मग्राही होते. भुकेमुळे व दारिद्र्यामुळे दुसरा पर्यायच उरलेला नसताना किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात केलेले काम हीदेखील घटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरवलेली सक्तीची मजुरीच होय, असा त्या निकालाचा आशय आहे. चाबूक माणसाच्याच हातात असला पाहिजे असे नाही. रिकाम्या मडक्याचाही चाबूक होतो.

आणि हा चाबूक मुलांपर्यंत पोहोचतो. २०२२ साली नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यातील कातकरी मुले काही हजार रुपये आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील मेंढपाळांकडे राबायला ठेवली गेल्याचे उघडकीस आले. तेही एका लहान मुलीचा मृत्यू झाल्यानंतर. काही दिवस वर्तमानपत्रांत मथळे आले, गुन्हे नोंदले गेले, सहानुभूतीची भाषणे झाली. त्या आईबापांना दूषणे देणारेही निघाले. पोटचे पोर देताना त्या घरात काय शिजत होते, किंवा काहीच शिजत नव्हते, याची चौकशी करणारे मात्र थोडेच निघाले.

कायद्याने उलटवलेला नियम

जो हक्क सांगतो त्याने तो सिद्ध करावा, हा न्यायाचा सर्वमान्य नियम आहे. दोन बरोबरीच्या माणसांमध्ये तो योग्यही आहे. परंतु एकाच्या हाती वही आणि दुसऱ्याच्या हाती फक्त घट्टे असतील, तर हाच नियम अन्यायाचे साधन बनतो. हे कायदा करणाऱ्यांना कळत नव्हते असे नाही. वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा १९७६ चा कायदा, जो आदल्या वर्षीच्या वटहुकमाच्या जागी आला, त्याचे १५ वे कलम या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. एखादे कर्ज वेठबिगारीचे आहे असे मजुराने किंवा दक्षता समितीने म्हटले, तर ते तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर आहे, असे ते कलम सांगते. १९८३ च्या डिसेंबरात बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी याच दिशेने आणखी पाऊल टाकले: सक्तीने काम करून घेतले जात असल्याचे दिसले की, ते उचलीच्या वा तत्सम मोबदल्यापोटी आहे असे न्यायालय गृहीत धरील, तसे नसल्यास ते मालकाने दाखवावे. म्हणजे पुराव्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर असावे याचा निकाल देशात चार दशकांपूर्वीच लागलेला आहे.

तो निकाल तहसील कचेरीच्या दारापर्यंत मात्र पोहोचलेला नाही. कायद्याप्रमाणे जिल्हा व उपविभाग पातळीवर दक्षता समित्या असावयास हव्यात. कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना असे खटले चालवण्याचे अधिकार देता येतात. गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि दंड आहे दोन हजार रुपयांपर्यंत. हा आकडा १९७६ साली काही वजन बाळगून असेल. आज तो भट्टीच्या एका दिवसाच्या डिझेलचाही खर्च नव्हे. ज्यांना मुक्तीचा दाखला मिळतो त्यांच्यासाठी २०१६ साली केंद्राने पुनर्वसनाच्या रकमा भरघोस वाढवल्या: प्रौढ पुरुषास एक लाख, स्त्रिया व मुलांस दोन लाख, अत्यंत गंभीर प्रकरणांत तीन लाख. परंतु त्याच योजनेने तातडीची मदत वगळता ही रक्कम अखेर हाती पडणे मालकाविरुद्धच्या न्यायालयीन कारवाईच्या निष्पत्तीशी जोडून टाकले. खटला लांबला, साक्षीदार फिरले, मजूर पुन्हा दुसऱ्या भट्टीवर गेला, की लाखांचे आकडे फाइलीतच राहतात. एका हाताने कायद्याने मालकावर टाकलेले ओझे दुसऱ्या हाताने योजनेने उचलून पुन्हा मजुराच्या डोक्यावर ठेवले, असेच याचे वर्णन करावे लागेल.

या एकाच कायद्याची ही गोष्ट नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांत वडीलधाऱ्यांचे निवेदन, जुनी विहीर, बांध, घराचे जोते, स्मशान हेदेखील पुरावे म्हणून मानले आहेत. २०१२ च्या सुधारणेने तर विशिष्ट प्रकारच्याच कागदाचा आग्रह धरता येणार नाही असे स्पष्ट केले. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा सांगतो की, वयाचा दाखला नाही म्हणून कोणत्याही मुलाला शाळेत प्रवेश नाकारता येणार नाही. मात्र या साऱ्या कायद्यांचे दार ज्या एका किल्लीने उघडते ती जमातीचा दाखला ही किल्ली. आणि तेथे नियम नेमका उलटा आहे. महाराष्ट्राच्या २००० सालच्या जात पडताळणी कायद्याच्या आठव्या कलमाने पुराव्याची जबाबदारी अर्जदारावरच टाकली आहे. तीमागे कारण आहे, आणि ते क्षुल्लक नाही. खोटे दाखले काढून खऱ्या आदिवासींच्या जागा बळकावण्याचे प्रकार या राज्यात थोडेथोडके झालेले नाहीत. परंतु खोट्या आदिवासीला अडवण्यासाठी उभारलेल्या नाक्यावर अडतो तो खरा आदिवासी. खोट्याकडे कागद भरपूर असतात, कारण कागद करणे हाच त्याचा उद्योग. कातकऱ्याकडून मागितला जातो तो ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा. म्हसळ्यात त्या तारखेपूर्वीचा पुरावा म्हणजे बहुतांशी जंजिऱ्याच्या नबाबाच्या अमलातील पुरावा, कारण हे संस्थान विलीन झाले ते १९४८ साली. ज्याच्या आज्याने शाळेचे तोंड पाहिले नाही, ज्याच्या नावे सात-बारा कधी नव्हता, जो दर वर्षी आठ महिने गावाबाहेर असे, त्याच्या नावाची नोंद नबाबाच्या दप्तरात कोठे सापडायची?

आणि ती शोधायची कोणी? तलाठी, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, तो सजावर, तहसीलदार म्हसळ्याला, प्रांत श्रीवर्धनला, जिल्हाधिकारी अलिबागला, आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय माणगाव ओलांडून पार पेणला. प्रत्येक फेरीला एका दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडे पडते, आणि एका त्रुटीसाठी परत आलेला अर्ज म्हणजे पुन्हा तीच फेरी. पगारी रजा घेऊन कार्यालयात जाणाऱ्याला आणि चूल बंद ठेवून जाणाऱ्याला एकच खेप सारखी महाग पडत नाही. त्यातून रायगड जिल्हा घटनेच्या पाचव्या अनुसूचीतील अनुसूचित क्षेत्रात मोडत नाही. त्यामुळे पालघर वा नंदुरबारच्या आदिवासी गावांतील ग्रामसभेला जे विशेष अधिकार आहेत ते येथे नाहीत. मोठ्या गावाच्या ग्रामसभेत वाडीचे दहा-वीस हात वर झाले काय किंवा न झाले काय, ठराव व्हायचा तसाच होतो.

घराखालची जमीन

या साऱ्या अडचणींची मुळे शोधत गेले की ती एकाच जागी येऊन मिळतात: कातकऱ्याचे घर ज्या जमिनीवर उभे आहे ती त्याची नाही. कोकणात वाड्या वसल्या त्या कोठे जंगलाच्या कडेला, कोठे खोताच्या किंवा मोठ्या शेतकऱ्याच्या वरकस जमिनीत. मालकाला शेताजवळ राबते हात हवे होते. कातकऱ्याला चार मेढी रोवायला जागा हवी होती. कागद करण्याची गरज दोघांनाही वाटली नाही. वरकस माळाला किंमतच नव्हती तोवर हे चालले. आता किंमत आली आहे. दिघीचे बंदर, २०२४ साली केंद्राने मंजूर केलेली दिघीची औद्योगिक नगरी, रुंदावणारे रस्ते, समुद्राचा वारा खायला येणाऱ्या मुंबईकरांचे बंगले यांच्यामुळे ज्या डोंगरउताराकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते त्याचे एकरी भाव बोलले जाऊ लागले. मालक मुंबईत, गिऱ्हाईक मुंबईत, दलाल तेवढा माणगाव-म्हसळ्याचा. व्यवहार होतो आणि एके दिवशी वाडीच्या अंगणातून तारेचे कुंपण जाते. त्या सात-बाऱ्यावर तीन पिढ्यांच्या त्या वाडीचा उल्लेखही नसतो. विकत घेणारा म्हणतो की, जमीन मोकळी म्हणून घेतली; आणि कागद पाहू जाता ते खोटे नसते. डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी रायगड-ठाण्यातील कातकऱ्यांच्या या विस्थापनाचा अभ्यास करून २०१३ साली तो पुस्तकरूपाने मांडला, तेव्हापासून हा प्रश्न अज्ञात राहिलेला नाही.

घराखालची जमीन नाही म्हणून घराला क्रमांक नाही, म्हणून रहिवासाचा पुरावा नाही, म्हणून घरकुल नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने श्रीवर्धन-म्हसळ्याची छपरे उडवली तेव्हा कोकणातल्या सुपारी-नारळाच्या बागांची हानी सर्वांना दिसली, आणि ती मोठी होतीच. परंतु ज्याचे घरच दप्तरात नाही त्याचे छप्पर उडाले हे पंचनाम्यात कसे बसवायचे? आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकण्यास मनाई करणारी तरतूद महाराष्ट्राने १९७४ साली जमीन महसूल संहितेत घातली. ती उत्तमच आहे. फक्त तिचा लाभ घेण्यासाठी आधी जमीन असावी लागते! अलीकडे ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची मोजणी होऊन घरमालकांना मिळकतपत्रिका दिल्या जात आहेत. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. पण मोजले जाते ते गावठाण. गावठाणाच्या हद्दीबाहेर माळावर वा जंगलकडेला वसलेली वाडी त्या मोजणीत बसत नाही, आणि कातकरीवाडी बहुधा तेथेच असते.

यावर उपाय नाही असे म्हणणाऱ्यांनी याच जिल्ह्याचा इतिहास आठवावा. अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ पासून कुळांनी खोतांविरुद्ध वर्षानुवर्षे संप चालवला, नारायण नागू पाटील यांनी त्याचे नेतृत्व केले, १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करणारे विधेयक मांडले. या चळवळींच्या पायावर पुढे कूळ कायदा उभा राहिला. त्या कायद्याने काय केले? १ एप्रिल १९५७ या एका तारखेला कसणाऱ्या कुळाने जमीन विकत घेतली असे कायद्यानेच मानून टाकले. कुळाने अर्ज करावा, मग चौकशी व्हावी, मग हक्क मिळावा असा क्रम ठेवला नाही. हक्क आधी, चौकशी मागाहून. आणि जाहीर नोटीस काढून चौकशी सुरू करण्याचे कामही शेतजमीन न्यायाधिकरणाचे. पळवाटा निघाल्या, किती तरी कुळे ऐनवेळी जमिनीवरून हुसकली गेली, हे सारे खरे. तरीही कोकणातल्या हजारो कुटुंबांची पाठ सरळ झाली ती त्या तारखेमुळे. आज त्या कुटुंबांतील मुलेमुली शाळांत शिकवीत आहेत आणि कचेऱ्यांत बसत आहेत. कातकरी त्या तारखेच्या बाहेर राहिला, कारण तो कूळ नव्हता. तो दुसऱ्याच्या शेतावर राबणारा गडी होता. कूळ कायद्यात शेतमजुराच्या राहत्या घराला संरक्षण देणारी कलमे आहेत, पण ती वापरावयाची तर पुन्हा अर्ज आणि पुन्हा पुरावा.

जे १९५७ साली शेताबाबत करता आले ते घराबाबत करण्यास कोणती अडचण आहे? जमीन महसूल संहितेच्या १२२ व्या कलमान्वये गावठाणाच्या हद्दी ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. वाडी जेथे आहे तेथे ती गावठाण म्हणून धरावी आणि अमुक वर्षांपूर्वीपासून वाडी तेथे नव्हती असे ज्याचे म्हणणे असेल त्याने ते सिद्ध करावे, असा क्रम उलटवावा लागेल. खाजगी जमिनीचा मालक हा नेहमीच धनदांडगा असतो असे नाही. पुष्कळदा तोही दोन-चार एकरांचा कुणबीच असतो, आणि वाडीसाठी त्याचेच नुकसान व्हावे हे न्याय्य ठरणार नाही. त्याला शासनाने बाजारभावाने मोबदला द्यावा. एका वाडीला लागते ते काही गुंठे. एका औद्योगिक नगरीसाठी हजारो एकर संपादन करू शकणाऱ्या शासनाला हे काही गुंठे जड जाणार नाहीत.

राहता राहिला आषाढाचा प्रश्न. रोजगाराच्या साऱ्या सरकारी योजना, १९७७ च्या महाराष्ट्राच्या रोजगार हमी कायद्यापासून, काम झाल्यावर पैसे देतात. मुकादम कामाच्या आधी देतो. या स्पर्धेत सरकार का हरते हे समजण्यास पदवीची आवश्यकता नाही. खावटी कर्जाची कल्पना नेमकी हीच उणीव भरून काढण्यासाठी निघाली होती. ती थकबाकीत आणि वाटपाच्या गोंधळात बुडाली. २०२० साली कुटुंबामागे चार हजार रुपयांचे खावटी अनुदान, निम्मे रोख व निम्मे वस्तूंच्या रूपाने, एका वर्षापुरते जाहीर झाले. पण तो निर्णयच पावसाळा निम्मा सरल्यावर झाला आणि प्रत्यक्ष वाटप पुढच्या वर्षावर गेले. जूनमध्ये हाती न पडलेली खावटी ही खावटीच नव्हे. भूक पंचांगाप्रमाणे येते, आर्थिक वर्षाप्रमाणे नाही.

कातकरी आळशी, व्यसनी, उचल घेऊन पळून जाणारा, अशी एक तक्रार भट्टीमालकांकडून आणि दुर्दैवाने शिकल्यासवरल्यांकडूनही ऐकू येते. दारूने या जमातीचे अपरिमित नुकसान केले आहे, ते झाकण्यात अर्थ नाही. परंतु सकाळी अंधारात गारा तुडवायला उभी राहणारी, आठव्या महिन्यापर्यंत विटांचे ओझे वाहणारी बाई आळशी म्हणायची असेल तर कष्टाळू कोणाला म्हणावे? आणि पळून जाण्याविषयी म्हणाल, तर ज्याला संप करता येत नाही, दावा लावता येत नाही, हिशेब मागता येत नाही, त्याच्या हाती निषेधाचे दुसरे साधन कोणते उरते?

नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या पंतप्रधान जनमन योजनेत केंद्राने अशा असुरक्षित जमातींसाठी २४,१०४ कोटी रुपयांची तरतूद केली, आणि त्यानिमित्ताने आधार, दाखले, बँक खाती यांची शिबिरे वाड्यावस्त्यांवर भरली. मनात आणले तर कचेरी वाडीवर जाऊ शकते, एवढे यातून सिद्ध झाले. एका मोहिमेपुरते जे शक्य होते ते दर वर्षी दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात, टेम्पो येण्यापूर्वी, शक्य व्हायला हवे: त्याच वेळी दक्षता समितीने वाडीवर बसून कोणी कोणाकडून किती उचल घेतली याची नोंद करावी, तिची एक प्रत मजुराच्या हाती द्यावी, आणि ज्येष्ठात माणसे परतल्यावर त्याच वहीवरून हिशेब तपासावा.

शाळेचेही काम याच पंधरवड्यात आहे. नोव्हेंबरात पटावरची कातकरी मुले दिसेनाशी होतात आणि सततची गैरहजेरी म्हणून त्यांची नावे कमी होतात. त्या मुलाचे नाव, जमात, जन्मतारीख व गाव यांची जनरल रजिस्टरमधील नोंद हाच वीस वर्षांनी त्याचा, आणि पन्नास वर्षांनी त्याच्या नातवाचा, पडताळणी समितीपुढे ठेवण्याचा एकमेव कागद असतो. जमातीच्या रकान्यात घाईने नुसते ‘हिंदू’ लिहिले गेले किंवा ‘कातकरी’ऐवजी भलतेच काही पडले, तर ती एक शाईची रेघ दोन पिढ्यांना पुरते. हंगामी वसतिगृह मिळाले तर मूल मागे राहू शकते. न मिळाले तरी भट्टीजवळच्या शाळेत त्याला दाखला न मागता बसवून घेण्याची सक्ती कायद्यानेच केलेली आहे. त्यासाठी मंत्रालयातून नवा आदेश यावा लागत नाही. मुख्याध्यापकाने मूल निघण्यापूर्वी त्याच्या बापाच्या हाती नोंदीचा सही-शिक्क्याचा उतारा दिला, आणि तहसीलमधील कारकुनाने ‘त्रुटी’ असा शेरा मारण्यापूर्वी वनहक्काच्या नियमांतील पुराव्यांची यादी एकदा वाचली, तर यंदाच्या हंगामातील काही अर्ज तरी परत फिरणार नाहीत.